रेल्वेचे वेळापत्रक आणि बिनतारी लहरी

रेल्वेचे वेळापत्रक कशासाठी असते असे कोणी विचारले, तर तुम्ही हसाल. पण कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील संग्रहालय पाहावयास गेलो, तेव्हा ज्या वेळापत्रकाने मला सर्वांत जास्त वेळ थांबवले, त्याचा गाडी गाठण्याशी काही संबंध नव्हता. ब्रॅडशॉचे जाडजूड पुस्तक, आणि पानापानांत कथलाचा वर्ख घातलेला. हे जगदीशचंद्र बोस यांचे उपकरण! त्याच्या जोडीला पीळ दिलेला ताग, पितळी नळ्या आणि कर्ण्यासारखी तोंडे.

विद्युत्‌लहरी हवेतून जातात हे जर्मनीत हर्ट्‌झने १८८८ च्या सुमारास दाखवून दिले होते. त्याच्या लहान लहरीसुद्धा अर्ध्या मीटरहून लांब असत. अशा लहरी वाकवायला भिंग घ्यायचे, तर ते दाराएवढे हवे! बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत असत. तिथे प्रयोगशाळा नावालाच. एका खोलीत, गावच्या कारागिराकडून साधने करवून त्यांनी लहर थेट ५ मिलिमीटरवर आणली. मग भिंग, लोलक, सगळे टेबलावर मावू लागले. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. मधे तार नव्हती. १८९७ च्या जानेवारीत हीच साधने त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवली.

आता ते वेळापत्रक. लहरीतले विद्युत्‌बल एका दिशेत हेलकावत असते. वर्खाच्या पानांना ते आडवे असले, की लहर पुस्तकातून पार होते. पानांना समांतर असले, की अडते. पुस्तक पाव वळसा फिरवा, दार बंद! शिक्षकमित्रांनी येथे जपावे. गजांमधून दोरी हलवण्याचा दाखला आपण वर्गात देतो. दोरी गजांच्या बाजूने हलली तर जाते, येथे नेमके उलटे. मी स्वतः पुष्कळ वर्षे हे चुकीचे शिकवले. आणि गंमत अशी की, वर्ख काढून टाकला तरी नुसत्या छापील पुस्तकाचाही थोडा परिणाम बोस यांना आढळला. तागाचे काम वेगळे. उजवा पीळ लहरीची दिशा एका बाजूस वळवी, डावा पीळ दुसऱ्या. साखरेचे पाणी प्रकाशाला जे करते, तेच ताग या लहरींना करी.

दुसरी चूक याहून मोठी. 'रेडिओ बोसांचा, मार्कोनीने चोरला' असे मी वर्गात ठासून सांगत असे. टाळ्याही मिळत! पण मार्कोनी १८९५ पासून इटलीत, बोलोन्याजवळ, संदेश दूर पाठवण्याच्याच मागे लागला होता. बोस यांना लहरीचा स्वभाव जाणायचा होता. दोघांच्या वाटा निराळ्या. मात्र १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपलीकडचा संदेश टिपताना मार्कोनीने पाऱ्याचा जो ग्राहक वापरला, त्याच्याशी फार मिळताजुळता ग्राहक बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. त्याचे श्रेय त्यांना वेळेवर मिळाले नाही, ही तक्रार रास्त आहे. गॅलेना नावाच्या शिशाच्या खनिजाने लहर टिपण्याचे अमेरिकन पेटंटही १९०४ चे, त्यांच्याच नावाचे. पुढे घरोघरच्या क्रिस्टल सेटात हेच खनिज बसले. चोरी म्हणण्याऐवजी एवढे सांगितले, तर टाळ्या कमी पडतील. पण पोराने उद्या कुठे विचारले, तर आपल्याला मान खाली घालावी लागणार नाही.

कोलकाता लांब आहे, मान्य. घरी एवढे करून पाहा. लहान ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचे केंद्र लावा आणि तो प्लॅस्टिकच्या डब्यात घालून झाकण लावा. आवाज दबेल, पण कार्यक्रम चालू राहील. मग तोच सेट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. कार्यक्रम जाऊन नुसती खरखर उरली, तर पोरांना विचारा : आवाज कोणी अडवला, झाकणाने की धातूने?