ध्वनियंत्राखालील छर्रे निवडताना

रेकॉर्ड प्लेयरच्या सुईला तबकडीच्या खोबणीतील एका मायक्रॉनहूनही सूक्ष्म वळणे टिपावी लागतात. साहजिकच शेजारच्या ध्वनिक्षेपकाचे कंपन यंत्रापर्यंत पोहोचले, तर तेही संगीतात मिसळते. ते रोखण्यासाठी यंत्राखाली बेअरिंगचे छर्रे बसविले जातात. कल्पना जुनीच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जूल्स तुआयों यांनी तर १८७० मध्ये संपूर्ण इमारत छऱ्यांवर उभारून तिला भूकंपापासून वाचविण्याच्या रचनेचे पेटंट घेतले होते.

उथळ वाटीत ठेवलेला छर्रा आडवा धक्का बसताच कडेकडे चढतो आणि पुन्हा तळाशी येतो. त्यावरील यंत्र लंबकाप्रमाणे संथ डोलते. वर व खाली सारख्याच वाट्या असतील, तर या लंबकाची लांबी वाटीची वक्रता-त्रिज्या आणि छऱ्याची त्रिज्या यांतील फरकाच्या दुप्पट धरावी. १२ मि.मी. व्यासाचा छर्रा व ६८ मि.मी. वक्रता-त्रिज्येची वाटी घेतल्यास नैसर्गिक कंप्रता सुमारे १.४ हर्ट्झ येते आणि सुमारे २ हर्ट्झच्या वरची आडवी कंपने कमी होऊ लागतात. सुई व तिच्या दांड्याचे अनुनादन साधारणपणे ८ ते १२ हर्ट्झला असते, म्हणजे पुरेसे दूर. वाटी खोल असेल, तर ही कंप्रता वाढते व लाभ घटतो. स्प्रिंगप्रमाणे येथे यंत्राच्या वजनाचा हिशेब करावा लागत नाही, ही मोठी सोय होय.

छऱ्यांची अचूकता ग्रेडवरून ठरते. ग्रेड १०० मध्ये गोलाईतील फरक २.५ मायक्रॉनपर्यंत, तर ग्रेड १० मध्ये ०.२५ मायक्रॉनपर्यंत चालतो. घरगुती वापरास ग्रेड १० पुरेसा वाटतो. ग्रेड ३ साठी जादा पैसे मोजण्यापूर्वी वाटी कशाची आहे ते पाहावे. क्रोम पोलादाच्या छऱ्याचा कठीणपणा रॉकवेल सी मापावर ६० च्या वर असतो. तो नरम अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत ठेवल्यास स्वतःच्या भाराने बारीक खळगा पाडतो आणि त्यातच अडकून बसतो. मग सूक्ष्म कंपनांनी तो घरंगळत नाही. ती तशीच वर जातात. सिलिकॉन नायट्राइडचा महागडा छर्रा अधिक ताठ असल्याने नरम वाटीत हा दोष वाढवितोच. खर्च करावयाचाच, तर तो कठीण, गुळगुळीत वाटीवर करावा.

उभ्या दिशेच्या कंपनांना मात्र छर्रे अटकाव करीत नाहीत. पावलांनी लाकडी जमीन हादरत असेल, तर रेकॉर्ड प्लेयर भिंतीवरील फळीवर ठेवणे अधिक हिताचे.

छर्रे तीनच ठेवावेत. चौथ्यामुळे भार असमान विभागला जातो. पाणसळ लावून फळी समतल करावी, अन्यथा यंत्र एका बाजूस सरकते. जाड, ताठ तारा यंत्राला भिंतीशी जखडतात, म्हणून त्या सैल सोडाव्यात. कोकणासारख्या दमट हवेत क्रोम पोलाद गंजते. तेथे कठीण केलेल्या ४४०सी स्टेनलेस पोलादाचे छर्रे घ्यावेत.