काचेवरचा चिकटा

जुना फास्टॅग ओढून काढला की त्याचे तुकडे हातात येतात, चिकटा मात्र काचेवरच राहतो. त्यावर धूळ बसून काळपट डाग तयार होतो. लोक पाणी मारून घासत सुटतात. पण असा चिकटा बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो, तो पाण्यात विरघळत नाही. त्याला ऊब हवी. हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर दिली की तो मऊ पडतो आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं खरवडता येतो. काचेला आधीच तडा असेल तर मात्र ड्रायर नको. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल चोळून थोडं थांबावं, मग पुसून ओशटपणा साबणाच्या पाण्यानं घालवावा. तरीही डाग हटला नाही, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्यावं, गाडीची दारं उघडी ठेवून. थिनर मी सुचवणार नाही. डॅशबोर्डवर सांडला तर प्लॅस्टिक खराब होतं.

असा चिकटा मागच्या काचेवर असेल, तर तो खरवडायला आतून ब्लेड कधीही लावू नका. तिथल्या बारीक आडव्या रेघा डिफॉगरच्या असतात. त्यांतून वीज वाहते आणि काच तापते. एखादी रेघ खरवडली गेली, तर तेवढ्या पट्ट्यातली वाफ ऐन पावसाळ्यात हटत नाही. फिल्म लावलेल्या काचेपासूनही ब्लेड लांबच ठेवा.