काडतुसाचं सिलिंडरही अस्सलच

अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातल्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती आज मुख्यतः इटलीत, उबर्टी आणि पिएट्टा यांच्या कारखान्यांत बनतात. त्यांच्या सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यात काळी दारू आणि शिशाची गोळी ठासून मागे बार पेटवणारी टोपी बसवावी लागते. तयार काडतुसं घेणारं बदली सिलिंडर बसवलं की ही खटपट वाचते. पण असा बदल म्हणजे इतिहासाशी प्रतारणा, असा शुद्धतावाद्यांचा आक्षेप. तो टिकत नाही. काडतूस मागून भरता येणाऱ्या, आरपार कप्प्यांच्या सिलिंडरचं रॉलिन व्हाइट यांचं १८५५चं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हाती होतं, म्हणून १८६९पर्यंत कोल्ट कंपनीची वाट अडली होती. रेमिंग्टनने तर १८६८मध्येच स्वामित्वशुल्क भरून आपली रिव्हॉल्व्हरं काडतुसांसाठी बदलून दिली. पुढे कोल्टनेही आपल्याकडच्या रिचर्ड्‌स यांच्या १८७१च्या पेटंटनुसार, शिल्लक सुटे भाग वापरून तेच केलं. हा बदल त्या काळाचाच आहे.

दुसरा, मजबुतीचा आक्षेप मात्र खरा आहे. पितळी सांगाड्याच्या प्रतिकृतीत असं सिलिंडर वापरूच नये, पोलादी सांगाड्यातही फक्त कमी दाबाची काडतुसं. आणि १८६३च्या घोडेस्वाराला पुन्हा बार भरायला किती वेळ लागे, हे जाणून घ्यायचं असेल तर टोपी-गोळीला पर्याय नाही.