बालवाडीसाठी फाउंडेशनकडे जाताना

सुपे, मोरगाव, सोमेश्वर भागात बालवाडी चालवणाऱ्यांनो, कौटुंबिक फाउंडेशनचा (एखाद्या कुटुंबाच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या संस्थेचा) पर्याय पाहिलाय का? उदाहरणार्थ, बर्नार्ड व्हॅन लीअर या डच उद्योजकाच्या नावाचं फाउंडेशन १९४९ मधलं. आज त्याचा मुख्य भर लहान मुलांवर आहे. पुणे महापालिकेसोबतचा या फाउंडेशनचा ‘अर्बन९५’ उपक्रम मला फार आवडतो: ९५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून शहर बघायचं!

पण परदेशी निधीला एफसीआरए (परदेशी निधी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. छोट्या ट्रस्टला हे जड जातं. आधी देशातली फाउंडेशनं बघा. धर्मादाय नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या (१२ए, ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या) आणि ऑडिट झालेले हिशोब तयार ठेवा. काम सरकारी अंगणवाडीत करायचं असेल, तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या.

अर्जात ‘सर्वांगीण विकास’ लिहिलं म्हणून कुणी पैसे देत नाही (द्यायलाही नकोत). मुलं किती, ताई (शिक्षिका) किती, ऊसतोडीच्या हंगामात पट किती हलतो आणि निधी संपल्यावर ताईंचं मानधन कोण देणार, हे लिहा. शेवटचा प्रश्न फाउंडेशनवाले विचारतातच.