राजूरच्या टेकडीवरून

जालन्याहून भोकरदनकडे येताना वाटेत राजूर लागते, हे आपणांस सांगावयास नको. अंगारकीला राजूरेश्वराच्या दर्शनास रात्रभर पायी चालत येणारी माणसे आपल्यापैकीच असतात. गणेशाच्या साडेतीन पीठांपैकी हे एक पूर्ण पीठ मानले जाते. वरेण्य राजाला गणपतीने गणेशगीता इथेच सांगितली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. पण दर्शन झाले की प्रसाद पिशवीत टाकून भराभर खाली उतरायचे, ही आपली रीत. आमचे म्हणणे एवढेच की, गर्दी नसलेला एखादा वार धरावा, ऊन तापायच्या आत चढावे आणि वर घटकाभर टेकावे.

चढ फार नाही. म्हातारे माणूससुद्धा दम खात खात पोचते. वर वारा भणाणतो, टोपी सांभाळावी लागते. खाली गावची घरे, रस्त्यावरच्या एस. टी. गाड्या आणि पलीकडे नुसती रानेच राने. दिवाळीच्या अगोदर गेलात तर कपाशी, मका, तूर असे ठिगळाठिगळाचे कापड अंथरल्यासारखे दिसते. उसाचा गर्द हिरवा पट्टा मात्र विहीर किंवा नाला असेल तिथेच.

आमच्याबरोबर एक जुने सभासद चढले होते. ते म्हणाले, "७२ साली हितनं नुसती पांढरी रानं दिसायची. आम्ही खडी फोडायला जायचो, अन् सुकडीवर दिवस काढायचो." तरुणांना ७२ ठाऊक नाही, पण २०१२-१३ आठवतच असेल. त्या साली जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी स्वतः लावलेली झाडे सरपणाला तोडली.

त्याच दुष्काळात आपल्याच जिल्ह्यातील कडवंचीची द्राक्षे मात्र टिकून राहिली. त्या गावाने १९९६ पासून पाणलोटाचे काम केले होते. शिवारात बांधबंदिस्ती केली, नाले अडविले, पुढे घरोघरी शेततळी झाली. उसाला सबंध वर्ष पाणी लागते, आडसालीला तर दीड वर्ष. विहीर मार्चमध्ये तळ दाखवीत असेल तर दोन एकर मोकाट भिजविण्यापेक्षा एक एकर ठिबकवर केलेला बरा. कारखान्याच्या पत्रिकेनेच ऊस कमी लावा म्हणावे काय, असे कोणी विचारील. वाळलेला ऊस गाळून कारखान्याला तरी काय मिळणार?

टेकडीवरून उत्तरेकडे तोंड केले की त्या अंगाला आपले भोकरदन. हे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्या इथल्या माणसांची नावे तिथल्या दगडांवर कोरलेली आहेत. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले.

त्याच्या पुढे असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने उंचवट्यावर घोडा नेऊन केळणेपलीकडचा शिंदे-भोसल्यांचा तळ पाहिला. वाटाडे म्हणत होते की, नदीला उतार नाही. त्याने पाहिले की दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आहेत. तेव्हा मध्ये उतार असणारच, असा त्याने कयास बांधला, आणि तो खरा ठरला. आपली फौज तिथे हरली. पुढच्या खेपेस तो उतार पाहण्यास जाण्याचा आमचा विचार आहे. गाळप सुरू होण्यापूर्वी जमले तर बरे, नंतर कोणाला सवड मिळणार नाही.