‘गोबेन’चें पलायन

१९१४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत भूमध्य समुद्रावर जर्मनीच्या अवघ्या दोन युद्धनौका होत्या. ‘गोबेन’ ही अकरा इंची दहा तोफांची बॅटल क्रूझर आणि ‘ब्रेस्लाऊ’ ही तिच्या सोबतीची लहान क्रूझर. त्यांच्यासमोर ब्रिटन व फ्रान्स यांचीं दोन आरमारें उभीं होतीं. या दोन नौका आठवड्याभरांत समुद्राच्या तळाशीं जातील, असेंच कोणीहि म्हटलें असतें. प्रत्यक्षांत ता. १० ऑगस्ट रोजीं सायंकाळीं त्या तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनींत सुखरूप शिरल्या.

ता. ४ रोजीं पहाटे जर्मन अ‍ॅडमिरल सूशाँ यानें अल्जीरियांतील फिलिपव्हिल व बोन या फ्रेंच बंदरांवर तोफा डागल्या. त्याच सकाळीं परत फिरतांना दोन ब्रिटिश बॅटल क्रूझर्स त्याच्या समोरून आल्या. तोफा सज्ज होत्या. परंतु ब्रिटननें जर्मनीला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्याची मुदत मध्यरात्रीं संपावयाची होती, आणि तोंपर्यंत एकहि गोळा सोडतां येत नव्हता. ब्रिटिश नौका वळून मागें लागल्या. ‘गोबेन’च्या बॉयलरांच्या नळ्या आधींच नादुरुस्त होत्या. तरीहि त्या दिवशीं तिच्या आगवाल्यांनीं वेग टिकविला. चौघे जण भाजून मेले. सायंकाळपर्यंत ती दृष्टीआड झाली.

सिसिलींतील मेसिना बंदरांत सूशाँनें मिळेल तो कोळसा भरून घेतला. इटली तटस्थ असल्यामुळें त्याला तेथें फार काळ राहतां येत नव्हतें. ब्रिटिश अ‍ॅडमिरल मिल्न याची पक्की समजूत अशी, कीं शत्रु पश्चिमेला वळून फ्रेंच सैन्याची ने-आण करणारीं जहाजें गांठणार. म्हणून मोठ्या नौका त्यानें पश्चिमेकडेच ठेवल्या. पूर्वेच्या तोंडाशीं ‘ग्लॉस्टर’ ही एकच लहान क्रूझर होती. सूशाँ ता. ६ ला निघाला तो पूर्वेस. ‘ग्लॉस्टर’नें धैर्यानें त्याचा माग काढला, परंतु त्याला थोपविण्याचें बळ तिच्यांत नव्हतें.

तें बळ एका माणसाच्या हातीं होतें. रिअर अ‍ॅडमिरल ट्रूब्रिज चार चिलखती क्रूझर्स घेऊन एड्रियाटिकच्या मुखाशीं होता. आपल्याहून वरचढ बळाशीं सामना देऊं नये, असा त्याला हुकूम होता. हा शब्द लंडनमध्यें लिहितांना मनांत ऑस्ट्रियाचें आरमार होतें. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें मात्र ‘गोबेन’ उभी राहिली. ती वेगानें अधिक, आणि तिच्या तोफांचा पल्ला लांब. उजेडांत तिच्याशीं गांठ पडल्यास ती दुरूनच एकेक नौका टिपून काढील, असें ट्रूब्रिजला वाटलें. रात्रभर तो तिच्या रोखानें गेला आणि ता. ७ च्या पहाटे त्यानें तोंड फिरविलें. पुढें लष्करी न्यायसभेनें त्याला निर्दोष ठरविलें, पण समुद्रावरील हुकमत त्याला पुन्हा मिळाली नाहीं. हा भ्याडपणा खास नव्हे. हुकूम अक्षरशः पाळला गेला, एवढेंच त्याबद्दल म्हणतां येईल.

त्यानंतर ऑस्ट्रियानें युद्ध पुकारल्याची चुकीची तार ब्रिटिश नौदलखात्यांतून सुटली, आणि मिल्ननें पाठलाग थांबविला. तेवढ्यांत सूशाँनें ग्रीसच्या डेनुसा बेटाआड कोळसा भरला.

तुर्कस्ताननें या नौका विकत घेतल्याचें सोंग आणलें. त्यांना ‘यावूझ सुलतान सेलिम’ व ‘मिदिल्ली’ हीं नांवें मिळालीं. जर्मन खलाशांनीं डोक्यावर फेझ टोप्या चढविल्या. त्याच सुमारास ब्रिटननें आपल्या गोद्यांत बांधलेल्या दोन तुर्की युद्धनौका ताब्यांत घेतल्या होत्या. त्यांसाठीं तुर्की प्रजेनें वर्गण्या दिल्या असल्यामुळें जर्मनीच्या या दानाचें मोल शतपट वाटलें.

तुर्कस्तान एका जहाजामुळें युद्धांत पडलें, हें म्हणणें मात्र अर्धेंच खरें. जर्मनीशीं गुप्त करार ता. २ ऑगस्टलाच झाला होता. पण करार कागदावर होता, तुर्की मंत्रिमंडळांत दुमत होतें आणि वजीर सैद हलीम टाळाटाळ करीत होता. ‘गोबेन’ मात्र राजधानीसमोर नांगरून होती, आणि सूशाँ आतां तुर्की आरमाराचा सेनापति होता. ता. २९ ऑक्टोबर रोजीं युद्धमंत्री एन्व्हर पाशाच्या संमतीनें त्यानें काळ्या समुद्रांतील ओडेसा, सेव्हास्तपोल आदि रशियन बंदरांवर तोफा डागल्या. मंत्रिमंडळाचा वाद तेथेंच संपला. सामुद्रधुनी सप्टेंबरअखेरच बंद झाली होती. आतां ती उघडण्याची आशाहि राहिली नाहीं. रशियाचें धान्य बाहेर जाईना, दारूगोळा आंत येईना. उरलेल्या वाटा दोन: हिवाळ्यांत गोठणारें आर्खांगेल्स्क आणि हजारों मैल दूरचें व्लादिवोस्तोक. सामुद्रधुनीचें कुलूप फोडण्यासाठींच १९१५ सालीं गॅलिपोलीची मोहीम निघाली. ती निष्फळ झाली.

या घडामोडींचा धक्का मुंबईलाहि बसला. इराणी आखातांतील तेलाच्या रक्षणासाठीं ता. १६ ऑक्टोबर रोजीं तेथून फौज निघाली होती. तुर्कस्तान युद्धांत उतरतांच ती फाओला उतरली, आणि पुण्याची सहावी डिव्हिजन बसरा घेऊन बगदादच्या वाटेला लागली. ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुतच्या वेढ्यांत उपासमारीनें जेरीस आलेल्या सुमारें तेरा हजार लोकांनीं शरणागति पत्करली. त्यांत मराठा पलटणींचे शिपाईहि होते. कैदेंतून अनेक जण परत आले नाहींत.

जानेवारी १९१८ मध्यें ‘ब्रेस्लाऊ’ सुरुंगांवर आदळून बुडाली. ‘गोबेन’लाहि सुरुंग लागले, पण ती वांचली. १९३८ सालीं केमाल अतातुर्क यांचें शव तिनेंच इस्तंबूलहून इझ्मितला नेलें. १९७३ सालीं ती मोडीत निघाली.