जुन्या गाडीचे खाते

दुकानात येणारा प्रत्येक नग पारखून घेणारे व्यापारी कुटुंब जुनी मोटार घेताना मात्र पुष्कळदा रंग, टायर आणि किंमत एवढ्यावरच सौदा पक्का करते. नव्या गाडीच्या तुलनेत पैसे वाचल्याचे समाधान पहिल्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत टिकते. मग गॅरेजची बिले येऊ लागतात आणि घरात एकच प्रश्न उरतो : गाडी ठेवावी की काढावी?

अनेकदा बिघाडाचे मूळ गाडीच्या वयात नसून वापरात असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग धावावी लागते. घर ते दुकान अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टर पुरेसा तापत नाही. तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ओढ कमी होते; दुर्लक्ष केल्यास फिल्टरच बदलण्याची वेळ येते. स्वस्तात मिळालेली डिझेल गाडी अशा घराला महागच पडते.

विमा आहे, तेव्हा चिंता नाही, हा समजही फोल आहे. सर्वसाधारण विमापत्रात अपघात, चोरी, आग, पूर यांचे संरक्षण असते. झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड त्यातून वगळलेले असतात. पेढीच्या नावावरील गाडीचा दुरुस्तीखर्च नफ्यातून वजा होतो, म्हणून तो अंगावर येत नाही, असेही मानले जाते. वस्तुतः ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे १०० रुपयांच्या बिलामागे, अधिभार व उपकर सोडल्यास, ३० रुपये वाचतात. उरलेले ७० रुपये गाठीचेच जातात.

खरी कसोटी मोठ्या बिलाच्या वेळी लागते. समजा, साडेचार लाखांना घेतलेल्या गाडीवर वर्षभरात ६० हजार खर्च झाले आणि आता गिअरबॉक्ससाठी १ लाख २० हजारांचा अंदाज आला. ‘एवढे घातले, आता सोडायची कशी?’ असे घरातील मंडळी म्हणतात. परंतु ते ६० हजार आता कोणत्याही निर्णयाने परत येणार नाहीत. गोदामात पडून राहिलेला माल काढताना व्यापारी खरेदीचा भाव न पाहता आजचा भाव पाहतो. येथेही तोच न्याय लावावा. आहे त्या स्थितीत गाडीला अडीच लाख आणि दुरुस्तीनंतर ३ लाख ४० हजार येत असतील, तर १ लाख २० हजारांपैकी ९० हजार गाडीच्या किमतीत उतरतात. निव्वळ भार ३० हजारांचा. इंजिन व इतर भाग धड असतील, तर ही दुरुस्ती करणेच शहाणपणाचे. कारण बदली घेतलेल्या दुसऱ्या जुन्या गाडीचे दोष अद्याप कळलेले नसतात. मात्र गिअरबॉक्सपाठोपाठ टर्बो, एसी आणि सस्पेंशन रांगेत उभे असतील, तर आजच्या भावाने गाडी काढणे हाच खरा लाभ.

या हिशेबात न मावणारी बाब म्हणजे भरवसा. वृद्ध आई-वडिलांना रात्री रुग्णालयात न्यायचे असताना जी गाडी सुरू होईल याची खात्री नाही, ती कितीही स्वस्त असली तरी उपयोगाची नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांत तर काटकसरीला जागाच नाही.

म्हणून जुन्या गाडीचे स्वतंत्र खाते ठेवावे. तारीख, किलोमीटर, केलेले काम, बदललेला भाग आणि रक्कम त्यात नोंदवावी. दरमहा ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढावी. मोठ्या कामाचा अंदाज दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडूनही घ्यावा आणि बदललेला जुना भाग मागून पाहावा. खरेदीपूर्वी सर्व्हिसच्या नोंदी तपासून गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहून घेतली, तर या खात्यातील अनेक मोठ्या रकमा मुळात लिहाव्याच लागत नाहीत.